नुसतं 'छान' म्हणू नका

"तुमची दोन मिनिटं मिळतील?"

तिनं विचारलं आणि बाकावरचा माणूस हसला. हसला म्हणजे ओठांचा एक कोपरा तेवढा वर गेला.

"दोन मिनिटं मागणारी माणसं अर्धा तास घेतात," तो म्हणाला. "पण बसा. माझा नंबर लागायला वेळ आहे."

ती बसली. फिजिओथेरपीच्या दवाखान्याचा तो लांबट व्हरांडा होता. भिंतीला टेकून बाकं, तेलाचा उग्र वास, आणि आतल्या खोलीतून "आणखी एकदा... शाब्बास... आणखी एकदा" असा आवाज. तिच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत एक निळा शर्ट. सकाळपासून तो इतक्या जणांना उलगडून दाखवला होता की इस्त्रीची घडी पार विस्कटली होती.

"हा शर्ट एका हातानं घालता येतो," तिनं पाठ केलेलं म्हणायला सुरुवात केली. "वरची बटणं नुसती शोभेची. आत वेल्क्रो आहे. दाबला की बंद, ओढला की उघडा. बघा ना!"

त्यानं डाव्या हातानं शर्ट घेतला. तेव्हा कुठे तिचं लक्ष त्याच्या उजव्या हाताकडे गेलं. तो हात मांडीवर स्वस्थ पडला होता, कुणीतरी जरा वेळ ठेवायला दिल्यासारखा.

त्यानं शर्टाची पट्टी ओढली. चर्रर्र! व्हरांड्यातल्या सगळ्या माना वळल्या.

"झालं," तो म्हणाला. "आता गावाला कळलं, मी शर्ट काढतोय."

तिला हसू आलं, पण ते तिनं गिळलं. "कसा वाटला?"

"खरं सांगू, की छान म्हणू?"

"खरंच सांगा." हे ती म्हणाली खरी, पण कौतुकच होणार अशी खात्री असलेल्या माणसाच्या सुरात.

"हा शर्ट माझी कीव करतो."

तिची कानशिलं तापली. "कीव? अहो, बेतणी माझी आहे, शिलाई माझी आहे. एक टाका वाकडा काढून दाखवा!"

"टाके सरळच आहेत. पण मी अंगात घातलाय ना, तो साधा, बाजारातला शर्ट आहे. बटणं मीच लावली आहेत. रोज लावतो." त्यानं शर्टाची घडी घालून परत दिली - एकाच हातानं, आणि तिच्या घडीपेक्षा नीटस. "मला याची गरज नाही."

"मग तुम्ही माझ्या काही कामाचे नाही!"

"असं कसं? आतापर्यंत जे छान म्हणाले, त्यांतल्या एकानं तरी विचारलं का - कुठे मिळतो?"

कुणीच विचारलं नव्हतं.

तेवढ्यात आतून हाक आली, "सर, या!" तो उठला, जाता जाता वळून म्हणाला, "रागावलात? रागावा. पण उद्या या."

ती रागावलीच होती. आणि तिचा राग म्हणजे साधासुधा नव्हता.

शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात ती कटिंग मास्टर होती. कापडाचे थर एकावर एक रचायचे, वर खडूनं आखायचं आणि मशीनची कात्री अशी फिरवायची की तळातल्या थराचा बाही जोडायचा मुंढाही वरच्यासारखाच निघाला पाहिजे. हात चुकला की अख्खा ढीग वाया. तिचा हात चुकत नसे, आणि तो चुकत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. बाईमाणसाला हे जमणार नाही म्हणणारे म्हातारे कारागीरसुद्धा आता तिला 'मास्टर' म्हणूनच हाक मारत.

तिचे बाबा आयुष्यभर बसच्या आगारात नियंत्रक. कडक इस्त्री, कॉलर अशी ताठ की बोट कापेल. ते फाटकात उभे राहिले की गाड्या आपोआप रांगेत लागत. मग एके दिवशी अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं वाचलं, चालणं हळूहळू परत आलं, पण डावा हात लुळा पडला. आई त्यांच्या शर्टाची बटणं लावायची आणि तेवढा वेळ बाबा छताकडे बघत उभे राहायचे. एक दिवस त्यांनी बागेत मित्रांकडे जाणंच सोडलं. बनियनवर खिडकीत बसू लागले.

म्हणून तिनं तो शर्ट शिवला. बाबा म्हणाले, "छान आहे गं पोरी." आई म्हणाली छान. आत्या म्हणाली छान. शेजारच्या काकू तर घडी न उलगडताच छान म्हणाल्या. मग तिला वाटलं, अशी किती घरं असतील! आणि शर्ट घेऊन ती थेट मालकीणबाईंसमोर उभी राहिली.

मालकीणबाई तोंडानं फटकळ, पण पोटात काही न ठेवणाऱ्या. "गणवेशाचा हंगाम संपला की मशीनं रिकामीच असतात. देते तुला," त्या म्हणाल्या. "पण घेणार कोण, ते आधी दाखव. बाजाराची पाहणी करून देणाऱ्या कंपन्या असतात, त्यांना बोलवायची माझी ऐपत नाही. तूच कर. पायाला भिंगरी लाव, माणसांना भेट. आणि आत्याबाईंचं मत मला सांगू नकोस!"

म्हणून ती दवाखान्याच्या व्हरांड्यात आली होती. आणि पहिल्याच दिवशी एका सरांनी तिच्या शर्टाला कीव करणारा ठरवलं होतं.

घरी गेली ती फणफणतच. बाबा खिडकीत होते. बनियनवर.

"बाबा, मी दिलेला शर्ट कुठाय?"

"कपाटात आहे. जपून ठेवलाय."

"जपून कशाला? घातला का नाही एकदाही?" ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "खरं सांगा. मला वाईट वाटेल... वाटू दे."

बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "लहान पोरांच्या बुटांना असतं ना, तसं आहे गं ते. चर्र वाजतं. मित्रांमध्ये बसलोय, जरा गरम झालं, पट्टी सैल करायला गेलो... आणि चर्र! सगळे बघणार. बघून न बघितल्यासारखं करणार. ते मला नको." त्यांनी तिच्या डोक्यावर उजवा हात ठेवला. "तू एवढ्या मायेनं केलंस. कसं सांगणार?"

ती स्वयंपाकघरात जाऊन थोडं रडली. मग तोंड धुतलं. कापड चुकलं तर मास्टर रडत बसत नाही, दुसरं कापड पसरतो.

आणि गंमत अशी की तोंड पुसताना तिला त्या माणसाचा ओठांचा वर गेलेला कोपरा आठवला. तिला स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी तो त्याच बाकावर होता.

"आलात?"

"आले. भांडायला नाही. तुमचं... बरोबर होतं."

"जरा मोठ्यानं म्हणा ना. त्या टोकाच्या काकूंना ऐकू गेलं नाही."

"एकदाच म्हणणार होते. संपलं!" ती म्हणाली, आणि दोघंही हसली.

तो शाळेत भूगोल शिकवायचा. काही वर्षांपूर्वी मोटरसायकलच्या अपघातात उजव्या खांद्याच्या नसा तुटल्या होत्या. तो हात परत येणार नव्हता. खांदा आखडू नये म्हणून तो इथे यायचा. डाव्या हातानं खडू धरायला शिकला आणि आता फळ्यावर नद्या पूर्वीपेक्षा झकास काढतो, असं त्यानं सांगितलं. सांगताना आवाजात ना रड होती, ना बढाई. होता तो साधा, स्वच्छ अभिमान. तिला तो ओळखीचा वाटला. तिच्याजवळही तसलाच होता.

"मग आता काय करणार, मास्टर?"

"शर्ट घरी ठेवणार," ती म्हणाली. "हातात शर्ट असला की लोक माझं मन राखतात. आता मी फक्त विचारणार. तेही 'आवडेल का' असं नाही. काल काय घातलं होतंत, बटणं कुणी लावली, कुठे अडलं... घडलेलंच विचारणार."

सरांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

आणि काय सांगावं, शर्ट हातात नसताना माणसं भडाभडा बोलायला लागली! एक मुख्याध्यापिका नवऱ्याला घेऊन यायच्या. "रोज सकाळी आमचं बटणांवरून वाजतं," त्या म्हणाल्या. "मी लावली की ते चिडतात, ते लावायला बसले की मला उशीर. शेवटी टी-शर्ट आणले."

"मग प्रश्न मिटला?"

"मिटला ना! दवाखाना सोडला तर त्यांनी घराबाहेर पडणंच बंद केलं. म्हणतात, बँकेत टी-शर्ट घालून कोण जातं?"

खिडकीत बसणारे तिचे बाबा एकटे नव्हते तर!

वेल्क्रोच्या जागी बारीक लोहचुंबक बसवावेत, असं तिच्या डोक्यात घोळत होतं. तसं ती एका आजोबांशी सहज बोलून गेली. आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. आता बोटं थरथरत. ते म्हणाले, "पोरी, माझ्या छातीत पेसमेकर बसवलाय. डॉक्टर मला लोहचुंबकाच्या आसपास फिरकू देत नाहीत, आणि तू तो छातीवरच शिवतेस?" ती हबकली. हे विचारलं नसतं तर? तिनं आजोबांचे हात हातात घेतले आणि लोहचुंबकाचा नाद तिथल्या तिथे सोडून दिला.

ही सगळी बोलणी सर बाकाच्या टोकाला बसून ऐकत. पुस्तक उघडं असायचं, पण पान उलटायचं नाही. एकदा आतल्या डॉक्टरीणबाई बाहेर डोकावल्या. "सर? आज तुमचा वार नाही."

"हो का? मला वाटलं..."

"मागच्या आठवड्यातही तुम्हाला असंच वाटलं होतं." बाईंनी एकदा सरांकडे पाहिलं, एकदा मास्टरकडे, आणि गालातल्या गालात हसत आत गेल्या. सरांचे कान लाल झाले. मास्टर पिशवीतला टेप उगाचच गुंडाळत बसली... गुंडाळलेला होता तरी.

"तुमचं राहिलंच की," ती टेपकडे बघत म्हणाली. "आज सकाळी तुम्ही शर्ट कसा घातलात? सांगू नका. दाखवा."

"इथे?"

"हो."

"मास्टर, सगळ्यांसमोर?..."

"अहो, अंगातल्यावरून घालायचा!" ती ओरडलीच. टोकाच्या काकू खुदकन हसल्या.

तिनं पिशवीतून बाजारातला एक साधा, ढगळ शर्ट काढून दिला; तो त्यानं मांडीवर पसरला. आधी खालची बटणं लावून टाकली. "ही मी कधीच सोडत नाही," तो म्हणाला. "धुवायलाही असाच टाकतो." मग लुळा हात बाहीत सरकवला, बाही खांद्यापर्यंत चढवली, डोकं आत घातलं, आणि शेवटी डावा हात. तिथे मात्र अडलं. शर्ट ढगळ, पण मुंढा अरुंद. कोपर आत, पंजा बाहेर यायचं नाव नाही, डोकं कापडात गुरफटलेलं. त्यानं अंग पिळलं, खांदा झटकला...

तिचा हात पुढे झाला. आणि थांबला. तिनं तो मागे घेतला, दुसऱ्या हातात घट्ट धरून ठेवला.

त्याचं डोकं कॉलरमधून बाहेर आलं. केस विस्कटलेले, श्वास लागलेला. पण कापडाच्या फटीतून त्यानं तो मागे गेलेला हात पाहिला होता.

"मदत केली नाहीत."

"तुम्ही मागितली नाहीत."

व्हरांड्यात कुणीतरी खोकलं, कुठेतरी दार वाजलं. ती दोघं एकमेकांकडे बघत राहिली. त्या नजरेत काय होतं ते कुणी विचारलं असतं, तर दोघांपैकी एकालाही धड सांगता आलं नसतं.

"आणि ही डावी बाही?" तिनं घसा खाकरून विचारलं. "नेहमी दुमडलेली असते. मला वाटायचं, ऐट आहे."

"ऐटच आहे. डाव्या हाताचं बटण डाव्या हातानं लावता येत नाही, म्हणून ऐट करावी लागते."

त्या आठवड्यात कारखान्यातलं काम संपलं की ती मागे थांबायची. तिनं नवा शर्ट बेतला. पट्टी पोटापर्यंतच उघडी, खालचा भाग शिवून बंद. पट्टीच्या आत लपलेली बारीक चेन, तिच्या टोकाला बोट अडकेल असं कापडी कडं. मुंढे खोल, पण बाहेरून न कळणारे. कफांना बटणं खरीखुरी, मात्र लवचीक दोऱ्यावर. हात घातला की कफ ताणायचा आणि मनगटावर पुन्हा आवळून बसायचा. कॉलर मात्र बाबांच्या जुन्या कॉलरसारखी, ताठ.

सरांना शर्ट देताना ती म्हणाली, "आज काही बोलू नका. घरी न्या. आठवडाभर जे कराल, तेच तुमचं मत."

आठवड्यानं ते आले. पांढऱ्या कापडावर फिकट राखी रेघा, दोन्ही बाह्या मनगटापर्यंत, दोन्ही कफ बंद.

"शर्ट पँटमध्ये खोचून मगच चेन ओढायची," ते म्हणाले. "नाहीतर शर्टच वर येतो. हे गिऱ्हाइकाला सांगा. आणि... कुणाला कळलंच नाही. पोरांना माझ्या खिशातलं पेन बदललेलं कळतं, मास्टर. शर्ट कळला नाही. एक जण म्हणाला, सर, आज काय विशेष? म्हटलं, काही नाही. इतक्या वर्षांनी मी आरशासमोर जरा... रेंगाळलो."

तिला खूप काही बोलायचं होतं. पण ती एवढंच म्हणाली, "खांद्यावर जरा ढिला आहे. टाका घालून देते."

"राहू दे. मला असाच आवडतो."

पहिल्यांदाच तिच्या कुठल्याशा कामाबद्दल 'आवडतो' हा शब्द ऐकून तिला रात्रभर... नाही, झोप लागली तिला. गाढ लागली. फक्त सकाळी ती गुणगुणत उठली आणि आईनं भुवया उंचावल्या.

मग खरी परीक्षा. ओळखीच्या एका कापड दुकानदाराला गळ घालून तिनं थोडे शर्ट त्याच्या दुकानात लावले. दवाखान्याच्या वस्तूंशेजारी नाही, पाटी लावून नाही. बाकीच्या शर्टांमध्येच, त्यांच्याच भावात. फक्त पट्टी उघडली की कळावं. ती समोरच्या फुटपाथवर उभी राहून बघायची. लोक शर्ट उचलत, ठेवून देत. तिचा जीव वरखाली व्हायचा. मग मुख्याध्यापिका आल्या, एक शर्ट घेऊन गेल्या. चार दिवसांनी परत आल्या, आणखी दोन घेऊन गेल्या! घड्याळवाले आजोबा आले. आणि ज्यांचा तिनं विचारही केला नव्हता अशी माणसं आली. सांध्यांनी बोटं आखडलेली पेटीवादक बाई, खांदा निखळलेला कॉलेजचा खेळाडू. कुणी 'छान' म्हटलं नाही. पैसे देऊन घेऊन गेले.

मालकीणबाईंसमोर तिनं सगळं मांडलं, आणि आधी चुका मांडल्या. वेल्क्रो का बुडाला, लोहचुंबक का नको, आजारी माणसाचा शर्ट म्हटलं की माणसं पाठ कशी फिरवतात. मग कोण घेतं, कशासाठी घेतं, पुन्हा कोण आलं. कुठे माहीत नव्हतं तिथे 'माहीत नाही' असं म्हणाली. बोलताना तिची मान ताठ होती. सर दाराशी उभे होते. तिनंच बोलावलं होतं त्यांना.

"आणि हे," ती अभिमानानं म्हणाली, "हे माझे सर. माझा सगळ्यात उपयोगी नमुना!"

मालकीणबाई मोठ्यानं हसल्या. "मशीनं तुझी. कधीपासून लागतेस?"

आनंदाच्या भरात ती वळली. दाराशी कुणी नव्हतं.

सर दवाखान्यात आले नाहीत. त्यांच्या वारालाही नाहीत. "सकाळची वेळ मागून घेतली त्यांनी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि या वेळी हसल्या नाहीत.

आपण काय बोललो, हे तिला उशिरा कळलं. कळलं तेव्हा खडू धरलेला हात कापडावरच थांबला. नमुना! ज्यानं एका हातानं आपलं सगळं आयुष्य पुन्हा बेतलं, त्याला ती कापडाचा तुकडा समजून दाखवून आली होती.

मधले काही दिवस ती स्वतःशीच भांडली. आपण होऊन जावं तर ताठ मान आड येत होती. न जावं तर कशातच मन लागत नव्हतं. शेवटी आईच म्हणाली, "जा गं बाई एकदाची. कापड उलटं कापायला लागलीयस."

शाळा सुटली होती. वर्गात सर एकटेच फळा पुसत होते. फळ्यावरची नदी अर्धी राहिली होती. अंगात जुना शर्ट, डावी बाही दुमडलेली.

"माझं चुकलं," ती दारातूनच म्हणाली. "तुम्ही नमुना नाही."

"उपयोगी होतो ना पण?" त्यांनी वळून पाहिलं नाही. "मास्टर, माझ्या हाताकडे बघून लोक एकतर हळहळतात, नाहीतर शाबासकी देतात. तुम्ही दोन्ही केलं नाहीत. मला वाटलं... जाऊ दे. शर्टासाठी येत होतात, शर्ट झाला."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पाठोपाठ रागही. दोन्ही एकदम आले की ती भारी बोलते, हे कारखान्यातल्या कुणालाही विचारा.

"शर्ट कधी झाला, सांगा बरं?"

"गेल्या महिन्यात."

"दुकानात कधी लागला?"

"त्याच आठवड्यात."

"मग त्यानंतर मी दवाखान्याच्या बाकावर काय करत होते? माझ्या कुठल्या नसा तुटल्या होत्या? कुणालाही विचारायचं राहिलं नव्हतं. तरी रोज येत होते. साडी बदलून येत होते! आणि तुम्ही? वार नसताना येऊन बसत होतात, उघडं पुस्तक नुसतं धरून. एकदा तर ते चक्क उलटं होतं, सर!"

पुसणी त्यांच्या हातून खाली पडली. खडूची धूळ उडाली.

"उलटं होतं?"

"मुखपृष्ठावरचा नकाशा डोक्यावर उभा होता. भूगोलाचे शिक्षक ना तुम्ही?"

आणि तो हसला. या वेळी ओठांचे दोन्ही कोपरे वर गेले. "मग तेव्हाच का नाही बोललीस तू?"

बोलून गेल्यावर तो दचकला. 'तू' तोंडातून निसटलं होतं.

"बोलले असते तर तू पुस्तक सरळ धरलं असतंस," ती हळूच म्हणाली. "मला तसंच आवडत होतं."

खिडकीतून उन्हाचा तिरपा पट्टा बाकांवर आला होता. तो पुढे आला, तिच्यासमोर उभा राहिला. "मला कुणाची मदत घ्यायला आवडत नाही. तिरसट आहे मी. सकाळी तर विचारूच नकोस."

"मीही कुणाचं ऐकत नाही."

"तुझ्या बाबांना चालेल?"

"बाबा बागेत असतात हल्ली संध्याकाळी. माझ्या शर्टात. मित्रांना सांगत असतात, माझ्या पोरीनं बेतलाय. त्यांना तिथे गाठ." ती थांबली. "आणि मला चालेल. अगदी खरं सांगते... मन राखायला नाही."

त्यानं डाव्या हातानं तिच्या गालावरची बट मागे सारली. तिच्या गालावर खडूचा पांढरा पट्टा उमटला आणि तिनं तो पुसला नाही.

दोघं शाळेच्या फाटकातून बाहेर पडली. संध्याकाळचा बाजार भरलेला होता. त्याच्याबरोबर चालणारी माणसं नेहमी त्याच्या डाव्या बाजूनं चालत. त्याला सवय झाली होती. ती मात्र उजवीकडे आली आणि तिनं तो शांत, स्वस्थ हात आपल्या हातात घेतला. भर रस्त्यात, सगळ्यांसमोर.

तो चालता चालता थांबला.

"मास्टर, त्या हाताला काही कळत नाही गं."

"असू दे. मला कळतंय."

त्यानं एक लांब श्वास घेतला. मग खांदे मागे गेले, छाती पुढे आली, आणि तो चालू लागला. कापड दुकानदार गल्ल्यावरून उठून बघायला लागला, फळवाल्या मावशींनी शेजारणीला कोपर मारलं. बघेनात का! दोघांच्या माना अशा ताठ होत्या की समोरून येणाऱ्या सायकलवाल्यानं आपणहून बाजूला होऊन त्यांना वाट दिली.